लाकडाला जागा ठेवणारं सुतारकाम



वैशाखात सहज लागणारं घराचं दार आषाढात खांदा लावून ढकलावं लागतं. दार फुगलं, असं म्हणून आपण सुताराला बोलावतो. तो कडेवर रंधा मारून जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे फट दिसते. भरीव लाकडाच्या फर्निचरची बरीचशी विद्या या फुगण्या-आकसण्यात आहे. म्हणून आज नक्षीकाम बाजूला ठेवून मी त्याविषयीच बोलणार आहे.

झाड तोडल्यावरही लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. हलतं ते रुंदीत. तिथेही वाढीच्या वलयांच्या कडेने होणारी हालचाल गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या हालचालीच्या साधारण दुप्पट असते. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत एका दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, तर दुसरीकडे २.५ टक्के. कठीण लाकडांत साग तसा शांत स्वभावाचा. तरीही साध्या चिरलेल्या फळ्यांचं तीन फूट रुंद टेबल घ्या. लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला, की ते सेंटिमीटरभर कमी-जास्त होतं. पॉलिशने हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं.

ही हालचाल स्क्रूने आवळून रोखायला गेलं, तर फळी तडकते. म्हणून जाणता कारागीर तिला वाट करून देतो. टेबलाची वरची फळी तो खालच्या चौकटीला चिकटवत नाही. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून तीत लाकडी गुटके अडकवतो. गुटका फळीला घट्ट बसतो, पण खाचेत सरकू शकतो. कपाटाच्या दारातलं पॅनेलही खोबणीत नुसतं बसवलेलं असतं. सरस लागतो तो चौकटीच्या कोपऱ्यांना, पॅनेलला नाही. पटाशीने साधलेली ही दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक बाहेरून दिसत नाही, पण कपाट टिकतं ते तिच्यामुळे.

मग प्लायवूड वाईट का? मुळीच नाही. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसं हलत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटांना ते सोयीचं. मात्र त्याच्या कडा पाण्याने सुटल्या, की डागडुजीला फारसा वाव राहत नाही. भरीव सागाला ओरखडा पडला, तर पुन्हा रंधा मारता येतो, सैल झालेला सांधा उघडून नव्याने बसवता येतो.

लाकडाला मोकळीक किती ठेवायची, हे ठरवताना छोट्या कारखान्याचं महत्त्व कळतं. मोठ्या कारखान्यातून निघणारं टेबल नागपूरला जाईल की रत्नागिरीला, हे ते बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. तुमचा सुतार ते तुम्हाला विचारू शकतो. खोली वातानुकूलित आहे का, भिंतीला ओल येते का, टेबल खिडकीशी राहणार का, यावर तो मोकळीक ठरवतो. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा मोठा लौकिक. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी तिथल्याच बल्लारपूरहून सागवान गेलं. पण असा नावाजलेला सागही नीट न सुकवता जोडला, तर पिळतो. उघड्या हवेत लाकूड वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं, असा जुना ठोकताळा आहे. भट्टीत ते काम काही आठवड्यांत होतं. पण भट्टीतून आलेलं लाकूडही कारखान्याच्या हवेत काही दिवस रुळू द्यावं लागतं.

तेव्हा काम सांगताना सुताराला तीन गोष्टी विचारा. लाकूड कसं आणि किती काळ सुकवलं? टेबलाची फळी खालून कशी धरणार? पॅनेल मोकळं ठेवणार की चिकटवणार? उत्तरं समाधानकारक मिळाली, तर कारागीर योग्य आहे. मग घासाघीस करायचीच असेल, तर पैशांत करा, दिवसांत करू नका.