धुळीचा दिवस आणि वाळत घातलेले बोंबील

दातिवऱ्याहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतो आहोत.

आज आम्ही धुळीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, धुळीचं काय एवढं? रोज अंगण झाडतो, रोज धूळ उडते. पण ही अंगणातली धूळ नव्हे. ही वाळवंटातून उठते आणि समुद्र ओलांडून आपल्या दारात येते.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवा. त्या सकाळी आम्हाला आधी धुकं पडलंय असंच वाटलं. खाडीपलीकडचं अर्नाळा दिसत नव्हतं. सूर्य वर आला तरी चंद्रासारखा फिकट. हवा गार आणि वारा जोराचा. धुकं असतं तर उन्हाबरोबर विरलं असतं, हे विरेना. मग एकीने ओट्यावर बोट फिरवलं, तर बोटाला पांढुरकी भुकटी लागली. तुळशीच्या पानावर तीच, होडीवर तीच, पाण्याच्या हंड्याच्या झाकणावरही तीच.

दुपारी बातम्यांत कळलं की पाकिस्तानच्या बाजूला धुळीचं वादळ उठलं होतं. तिथून ती धूळ कराची, सौराष्ट्र करत आपल्या किनाऱ्यावर आली. मुंबईची हवाही त्या दिवशी फार वाईट झाली होती.

इतक्या लांबून धूळ येते कशी? हिवाळ्यात पश्चिमेकडून वादळी हवा येते. तिचा जोराचा वारा कोरड्या, उघड्या जमिनीवरून गेला की माती वर उचलतो. जाड रेती लवकर खाली पडते. पण पिठाहून बारीक कण उंच जातात आणि वाऱ्याबरोबर शेकडो कोस वाहत राहतात. समुद्रावर त्यांना अडवायला ना डोंगर ना झाड. असे बारीक कण नाकातल्या केसांनाही सगळे अडत नाहीत, ते छातीत खोल उतरतात.

आता आमची चूक सांगतो. जानेवारी म्हणजे सुक्या मासळीचे दिवस. बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून वलांड्यांवर टांगलेल्या, खाली जवळा पसरलेला. धूळ आहे हे कळल्यावर आम्ही काय केलं? आधी मासळीकडे धावलो. आमच्यातली एक वहिनी दोन तास वाऱ्यात उभी राहून बोंबील उतरवत होती, ताडपत्री ओढत होती. कोरोनाचे दिवस होते, घरात मास्क खुंटीला लटकत होते. एकीलाही तो लावायचं सुचलं नाही. पुरुष घरात आले, पोरं घरात आली, आणि बाया सगळ्यात शेवटी.

त्यापुढची चूक घरात झाली. धूळ नको म्हणून वहिनीने दारं-खिडक्या गच्च लावल्या आणि रात्रीच्या भाकरीसाठी चूल पेटवली. बाहेरची धूळ थांबली, पण आतला धूर कोंडला. तिच्या सासूबाईंना दमा आहे. रात्री छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. पंप काढला तर तो रिकामा. ती रात्र त्यांना उशीला टेकवून बसवण्यात गेली. पहाटे रिक्षा करून सफाळ्याला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा त्यांना आराम पडला. बोंबील नंतर धुऊन पुन्हा वाळवले. भाव थोडा कमी आला, एवढंच. पण सासूबाईंचं काही झालं असतं तर?

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. हवा अशी पांढुरकी झाली की दमेकरी, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि तान्ही मुलं घरातच राहतील. बाहेर जाणं भागच असेल तर नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावायचा. पदर किंवा ओढणी जाड धूळ अडवते, बारीक नाही. पण काहीच नसेल तर तीही दोन-तीन पदरी घडी करून बांधावी. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं.

वाऱ्याकडच्या खिडक्या लावायच्या. पण चूल पेटवायची असेल तर आडोशाकडची एक खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. जमलं तर त्या दिवशी गॅसवरच भागवायचं. पाणी, पीठ, दूध झाकायचं. वादळ गेल्यावर कोरडा झाडू मारायचा नाही, नाहीतर बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसायचं. दम्याचा पंप संपायच्या आधी नवा आणायचा. बोलताना दम लागला, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

आता दुसरी धूळ, वळवाची. ती मे महिन्यात येते आणि तिचा धोका वेगळा आहे. ढगातून पावसाने गार झालेली हवा धाडकन खाली येते, जमिनीवर पसरते आणि पावसाच्या पुढे धुळीची भिंत ढकलत आणते. १३ मे २०२४ ला मुंबईत असंच झालं. दुपारी दिवसाढवळ्या अंधारून आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर मोठं होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. २०१८ च्या मे महिन्यात राजस्थान आणि उत्तर प्रदेशात धुळीच्या वादळाने शंभरावर बळी घेतले. त्यातले पुष्कळ जण पडलेल्या भिंती आणि घरांखाली सापडले होते.

तेव्हा वळवाच्या धुळीत भीती अंगावर पडणाऱ्या वस्तूंची जास्त. नारळ-ताडाखाली, पत्र्याच्या शेडखाली, कच्च्या भिंतीशी, विजेच्या तारेखाली थांबू नका. गाडीवर असाल तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, पुढचं दिसेपर्यंत निघू नका. गडगडाट ऐकू आला की वलांडी सोडा आणि पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप गटातल्या एकीच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

मैत्रिणींनो, मासळी टाकून या असं सांगणं सोपं आहे, आम्हालाही ते कळतं. वलांडीवर महिन्याचा पैसा टांगलेला असतो. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. मोसमाच्या सुरुवातीलाच ताडपत्र्या आणि दोऱ्या वलांडीजवळ ठेवतो. हवामान खात्याचा इशारा आला की एकीने दुसरीला फोन करायचा. मास्क लावून पाच-सहा जणी मिळून एकेकीची मासळी झाकतो. दोन तासांचं काम अर्ध्या तासात होतं आणि कुणी एकटी बाहेर राहत नाही. ज्यांची भाजीची वाडी आहे, वीटभट्टीचं काम आहे, त्यांनाही हे जमण्यासारखं आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की पाच मिनिटं याला द्या. गावात दमा कुणाला आहे, पंप कुणाचा संपत आलाय आणि धुळीच्या दिवशी कुणी कुणाला हाक मारायची, एवढं लिहून ठेवा. आणि ती हाक आली की आधी नाकावर मास्क, मग हातात ताडपत्री.