फरारी आणि जाहीरनामा

विम्याच्या दाव्याची रक्कम अखेर असंख्य कुटुंबांनीं भरलेल्या हप्त्यांतूनच दिली जाते. म्हणून खोटा मृत्यु दाखवून ती लाटल्याचा आरोपी फरारी झाला, तर त्याचें नांव जाहीर करण्यांत लोकहित आहे. अमेरिकेंतील कांहीं राज्यांचीं विमाखातीं अशा फरारींच्या याद्या छायाचित्रांसह प्रसिद्ध करितात. भारतांत २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ८४ व्या कलमानुसार प्रथम न्यायालयाचें वॉरंट लागतें. मग जाहीरनामा त्याच्या गांवांत वाचून दाखवितात, घरावर डकवितात आणि हजर होण्यास निदान ३० दिवसांची मुदत देतात. हा संयम योग्यच होय. यादींतील मनुष्य आरोपी असतो. अपराध सिद्ध व्हावयाचा असतो. तो निर्दोष ठरल्यास तेंही तितक्याच ठळकपणें जाहीर झालें पाहिजे.