जुनी तोफ, नवी नजर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



हजरतगंजमध्ये जमलेल्या आपल्या मंडळींसमोर रेल्वेच्या माणसाने रडारवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी लष्करी तज्ज्ञ नाही; डिप्लोमा करून सिग्नल खात्यात आलेला इंजिनियर आहे. पण जुनी यंत्रणा चालू ठेवून तिला नवी जोडणे, हे आमचे रोजचेच काम आहे.

आधी एका छोट्या देशाचे उदाहरण घेऊ. २०२० साली नागोर्नो-काराबाखसाठी ४४ दिवसांचे युद्ध झाले. आर्मेनियाकडे ओसा, एस-३०० अशी सोव्हिएत बनावटीची हवाई संरक्षण यंत्रणा होती. अझरबैजानने जुनी एएन-२ विमाने वैमानिकाशिवाय पुढे धाडली. त्यांना पाडायला रडार सुरू झाले की त्याचा ठावठिकाणा उघड होई आणि मग ड्रोन त्यावर तुटून पडत. पुढे आर्मेनियाने आपल्याकडून 'आकाश' क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली.

जुन्या रडारला ड्रोन का दिसत नाही? एक कारण आकाराचे. वस्तूवरून परतणारा प्रतिध्वनी शंभरपट क्षीण झाला, तर रडारचा पल्ला साधारण एक-तृतीयांशावर येतो. म्हणजे सावध व्हायला वेळही तेवढाच कमी. दुसरे कारण वेगाचे. डोंगर, झाडे, पक्षी पडद्यावर गर्दी करू नयेत म्हणून रडार संथ वस्तू गाळून टाकते. त्या चाळणीत संथ ड्रोनही गळून जातो. चाळणी सैल केली, तर पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसू लागतात.

म्हणून सगळे मोडीत काढावे का? नाही. आपल्या सैन्यातली ४० मिलिमीटरची एल-७० तोफ १९६० च्या दशकापासूनची. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तोफ तीच ठेवून तिला दिवसाचा कॅमेरा, रात्री उष्णतेवरून पाहणारा कॅमेरा, लेसरने अंतर मोजणारे यंत्र आणि विजेवर फिरणारी यंत्रणा बसवली. असा कॅमेरा स्वतः लहरी सोडत नाही, त्यामुळे जागा उघड होण्याचा धोका कमी. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी याच तोफांनी पाकिस्तानी ड्रोन पाडले.

पण नुसती नजर पुरत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. आतील सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक प्राणास मुकले. मंडळी, आमच्याकडे सिग्नल बिघडला तर तो लाल होतो. गाडीला उशीर होतो, पण माणसे वाचतात. हवाई संरक्षणाला असा लाल दिवा नाही. मारा केला तर आपलाच माणूस जाण्याची भीती, न केला तर शत्रू आत येण्याची. आणि निर्णय काही सेकंदांत घ्यायचा!

यावर उपाय म्हणजे सर्वांना आकाशाचे एकच चित्र दिसणे. त्यासाठी 'आकाशतीर' प्रणाली आहे. मार्च २०२३ मध्ये सुमारे १,९८२ कोटी रुपयांचा हा करार झाला आणि काम आपल्याच उत्तर प्रदेशात, गाझियाबादला आले. निरनिराळी रडारे आणि तोफा त्यात एकमेकींना जोडल्या जातात. आमच्या इंटरलॉकिंगचीच ही थोरली बहीण म्हणा ना! एका केबिनला जे कळले ते दुसरीला कळलेच पाहिजे.

शेवटी एकच सांगतो. नवे यंत्र आले की फोटो निघतात, फिती कापल्या जातात. पण पंधरा वर्षांनी त्याचा सुटा भाग कोण देणार, भर पावसात जोडणी कोण तपासणार, हे खरेदीच्या दिवशीच ठरायला हवे. देशाचे रक्षण तोफेमागच्या जवानाइतकेच, डोळ्यांत तेल घालून तार तपासणाऱ्या कारागिरावरही अवलंबून असते. आपल्या मुलांपैकी कोणी डिप्लोमाला जातो म्हणाला, तर त्याला कमी लेखू नका.

गणपती बाप्पा मोरया!