नाव खोडलं, सूर ठेवला

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



सचिवांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "युरोपातला ज्ञानोदय आणि रोमँटिक काळ." पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, "काका, रोमँटिक हा शब्द पत्रिकेत छापला तर चालेल ना?" मी म्हटलं, बिनधास्त छापा. त्या निमित्तानं तरुण मंडळी येतील. आज मागच्या दोन रांगा भरलेल्या दिसताहेत, म्हणजे युक्ती लागू पडली म्हणायची!

तर आधी शब्दांचा खुलासा. अठराव्या शतकात युरोपात काही माणसं म्हणू लागली की राजा सांगतो म्हणून किंवा धर्मगुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, ती आपल्या बुद्धीला पटली पाहिजे. कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८४ साली एक छोटा लेख लिहिला. त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर, स्वतःच्या डोक्यानं विचार करण्याचं धाडस करा. हा ज्ञानोदय. पॅरिसमध्ये दिदरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७५१ पासून ज्ञानकोशाचे खंड काढायला सुरुवात केली. मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११. त्या चित्रांत काय आहे, तर लोहाराची भट्टी, विणकराचा माग, छापखाना, सुताराची अवजारं. आपल्यासारख्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. हातानं काम करणाऱ्याचं ज्ञान त्यांनी पंडितांच्या ज्ञानाच्या मांडीला मांडी लावून बसवलं.

पुढच्या पिढीनं म्हटलं, बुद्धी ठीक आहे, पण माणसाला काळीजही असतं. वैयक्तिक भावना, कल्पना, निसर्ग, बंड, दुःख यांनाही कलेत मानाचं स्थान हवं. हा रोमँटिक काळ. झाडाभोवती फिरून गाणी म्हणण्याचा याच्याशी संबंध नाही. पुस्तकांत या दोन काळांची मांडणी बऱ्याचदा भांडण असल्यासारखी करतात, इकडे डोकं आणि तिकडे हृदय. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे मला एका सहकाऱ्यानं शिकवलं.

मी इथे नोकरीला लागलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक बंगाली गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. तरुणपणी कोलकात्यात ते राजकारणात होते. एका नेत्यावर त्यांची देवासारखी श्रद्धा होती. पुढे त्या नेत्याचे मातीचे पाय दिसले. दादांनी भिंतीवरचा फोटो काढला, राजकारण सोडलं आणि नोकरी धरून इथे आले. पण रोज संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात कंत्राटी मजुरांची दहा-पंधरा मुलं अंक आणि अक्षरं गिरवत बसलेली असायची. मी एकदा विचारलं, "दादा, तुमचा सगळ्यावरचा विश्वास उडाला ना? मग हा उद्योग कशाला?" ते काही बोलले नाहीत. रविवारी घरी बोलावलं आणि रेकॉर्ड लावली. बेथोव्हेनची तिसरी सिंफनी, 'एरोइका'.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला काही कळलं नाही. आपले कान तानपुऱ्यावर तयार झालेले, आणि इथे एकदम साठ-सत्तर वाद्यं अंगावर येतात. मग दादांनी तिची गोष्ट सांगितली.

बेथोव्हेन १७७० साली बॉन शहरात जन्मला. बॉनमध्ये तेव्हा नव्या विचारांचं वारं होतं आणि ते या पोराला लहानपणीच लागलं. पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली, त्यातून नेपोलियन वर आला. सामान्य घरातला मुलगा केवळ कर्तृत्वावर मोठा होतो, सरंजामशाही मोडतो, याचं बेथोव्हेनला फार अप्रूप होतं. १८०३-०४ मध्ये त्यानं ही सिंफनी लिहिली आणि मुखपृष्ठावर नाव घातलं बोनापार्ट. मे १८०४ मध्ये बातमी आली, नेपोलियननं स्वतःला सम्राट जाहीर केलं. त्याचा शिष्य रीस यानं सांगितलंय की बेथोव्हेन संतापानं लाल झाला. हाही शेवटी सामान्य माणूसच निघाला, आता हाही इतरांना पायदळी तुडवणार, अशा अर्थाचं तो बोलला आणि त्यानं ते मुखपृष्ठ फाडलं. सिंफनीची एक हस्तलिखित प्रत आजही व्हिएन्नात आहे. तिच्यावरचं बोनापार्टचं नाव इतक्या जोरानं खरवडलंय की कागदाला भोक पडलंय.

आता गंमत पाहा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तो पुन्हा म्हणतो, या सिंफनीचं खरं नाव बोनापार्ट. म्हणजे मन एका दिवसात मोकळं होत नाही. ज्यानं कधी कुणावर जीव टाकला असेल त्याला हे समजेल. शेवटी १८०६ मध्ये सिंफनी छापली गेली तेव्हा तिचं नाव होतं 'एरोइका', म्हणजे वीरगाथा, आणि खाली लिहिलं होतं की एका थोर माणसाच्या स्मृतीप्रीत्यर्थ. नेपोलियन तर तेव्हा जिवंत होता. मग स्मृती कुणाची? मला वाटतं, तो जो होऊ शकला असता त्याची.

दादांनी रेकॉर्ड थांबवली आणि म्हणाले, "नाव खोडलं. स्वर एकही खोडला नाही." माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. फोटो भिंतीवरून उतरला, व्हरांड्यातली शाळा उतरली नव्हती.

याच काळातला दुसरा माणूस चित्रकार आहे. स्पेनचा फ्रान्सिस्को गोया, जन्म १७४६. गोया आणि बेथोव्हेन कधी भेटले नाहीत. पण दोघांत एक दुःखद साम्य आहे, दोघंही बहिरे झाले. गोया १७९२-९३ च्या आजारपणात, आणि बेथोव्हेन विशीच्या अखेरीपासून हळूहळू. ऑक्टोबर १८०२ मध्ये बेथोव्हेननं भावांना उद्देशून एक पत्र लिहिलं. आयुष्य संपवण्याचा विचार मनात आला होता, केवळ कलेनं मला थांबवलं, असं त्यात आहे. ते पत्र त्यानं पाठवलं नाही. १८२७ मध्ये तो गेल्यावर कागदपत्रांत सापडलं. आणि 'एरोइका' ही त्या पत्रानंतरची आहे, हे लक्षात ठेवा.

गोया राजदरबारचा चित्रकार, पण त्याचे मित्र सुधारक होते. १७९९ मध्ये त्यानं ८० छापचित्रांचा एक संच काढला. त्यातल्या ४३ व्या चित्रात एक माणूस टेबलावर डोकं टेकून झोपलाय आणि मागून घुबडं, वटवाघळं उठताहेत. टेबलावर लिहिलंय, बुद्धीच्या झोपेतून राक्षस जन्मतात. स्पॅनिशमध्ये झोप आणि स्वप्न यांना एकच शब्द आहे. म्हणजे बुद्धीनं पाहिलेल्या स्वप्नातूनही राक्षस निघू शकतात, असाही अर्थ लावता येतो. त्या चित्राच्या एका जुन्या टिपणात म्हटलंय, की कल्पनेला बुद्धीनं सोडलं तर राक्षस होतात, आणि दोघी एकत्र आल्या तर सगळ्या कलांचा जन्म होतो. डोकं विरुद्ध हृदय हा वाद मला का पटत नाही, ते इथे कळेल.

मग १८०८ उजाडलं. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात नेपोलियननं फर्मान काढून इन्क्विझिशन, म्हणजे माणसांच्या श्रद्धा तपासून शिक्षा देणारं ते धर्मन्यायालय, बंद केलं. गोयाच्या मित्रांना जे हवं होतं तेच! पण ते आलं संगिनीच्या टोकावर. त्याआधी, २ मे रोजी माद्रिदचे लोक फौजेविरुद्ध उठले होते आणि ३ मे रोजी फ्रेंच सैनिकांनी पकडलेल्यांना गोळ्या घातल्या होत्या. गोयानं ते चित्र १८१४ मध्ये रंगवलं. पांढरा सदरा घातलेला एक साधा माणूस हात पसरून उभा आहे. समोर बंदुका रोखलेली सैनिकांची रांग, एकाचाही चेहरा दिसत नाही. आणि मध्ये जमिनीवर एक मोठा कंदील. मी छापील पुस्तकात हे चित्र बऱ्याचदा पाहिलंय, आणि दर वेळी नजर त्या कंदिलावर जाते. ज्ञानोदय म्हणजे प्रकाश ना? इथे त्या प्रकाशाचा उपयोग नेम धरायला होतोय. पण नीट पाहा, त्याच प्रकाशात मरणाऱ्या माणसाचा चेहराही दिसतोय.

फ्रेंच गेले, स्पेनचा जुना राजा परत आला. त्यानं राज्यघटना रद्द केली, इन्क्विझिशन पुन्हा सुरू केलं. कुणी म्हणालं असतं, परक्यांनी छळलं, आता आपला राजा, आपला धर्म, सगळं गोड मानून घ्यावं. गोयानं ते केलं नाही. युद्धावरच्या त्याच्या छापचित्रांत फ्रेंचांचं क्रौर्य आहे, स्पॅनिश जमावाचंही आहे, आणि शेवटी शेवटी या परतलेल्या अंधारावरही टीका आहे. तो संच १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी प्रसिद्ध झाला. १८२४ मध्ये ७८ वर्षांचा बहिरा गोया देश सोडून फ्रान्समधल्या बोर्दोला गेला. फ्रान्सच्या फौजेला त्यानं माफ केलं नव्हतं, पण फ्रान्सच्या माणसांशी त्याचं वैर नव्हतं.

साहित्यात असं घडलं का? घडलं. इंग्रज कवी वर्ड्सवर्थ बेथोव्हेनच्याच वर्षी, १७७० मध्ये जन्मला. विशीत फ्रान्समध्ये राहून क्रांतीनं भारावला, पुढे रक्तपातानं खचला. त्या खचलेपणातून १७९८ चा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह कोलरिजच्या सोबतीनं आला. त्यात भिकारी, मेंढपाळ, खुळा मुलगा, मूल गमावलेली बाई हे कवितेचे नायक झाले. समतेचा विचार संसदेत हरला आणि कवितेत राहायला आला, असं म्हणता येईल. मात्र वर्ड्सवर्थ उतारवयात पुराणमतवादी झाला. नाव खोडता खोडता थोडा सूरही खोडला गेला म्हणायचा. हाही धडाच आहे.

आपल्याकडे हे दोन प्रवाह इंग्रजी शिक्षणातून जवळजवळ एकत्रच आले. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून बुद्धीचा आग्रह धरत होते, आणि त्याच काळात केशवसुत 'तुतारी' लिहीत होते. सुधारकाचा निबंध आणि बंडखोर कवीची तुतारी, दोघांचं लक्ष्य एकच होतं, जुनी अन्याय्य रूढी. आपल्याला एक घेऊन दुसरं टाकावं लागलं नाही, हे आपलं भाग्य.

आता थोडं घरचं. तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल, मध्ये दोन वर्षं मी या मंडळाकडे फिरकलो नाही. ज्या माणसावर माझा पूर्ण भरवसा होता, त्याच्याशी बिनसलं. कोण चुकलं ते आज महत्त्वाचं नाही. मी माणसावर रागावलो आणि उत्सवाला मुकलो. आरतीचा आवाज घरात यायचा, मी खिडकी लावून घ्यायचो. दुसऱ्या वर्षी दादांचं पत्र आलं, निवृत्तीनंतर ते गावी गेले होते. तिथेही व्हरांड्यात मुलं बसतात, असं लिहिलं होतं. बाकी काही नाही. मी उठलो, खिडकी उघडली आणि चपला घालून खाली आलो. तेव्हा ज्यांनी काही न विचारता माझ्या हातात टाळ दिले, ते आज इथे बसलेत.

आता मलाही कमी ऐकू येतं. कानात यंत्र आहे. त्यातून व्हायोलिन म्हणजे पत्र्यावर नखं ओढल्यासारखी वाटतात. म्हणून 'एरोइका' मी आता बहुतेक आठवणीतच ऐकतो. आणि मला १८२४ मधला ७ मे आठवतो. नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली. शिलरच्या ज्या आनंदगीताला चाल लावायचं बेथोव्हेननं विशीत मनात धरलं होतं, ते तीस वर्षांनी, नेपोलियन येऊन गेल्यावर, कान गेल्यावर, त्यानं रंगमंचावर आणलं. सगळी माणसं भाऊ होतील हा त्या गीताचा आशय. लोक टाळ्या वाजवत होते आणि तो पाठ करून उभा होता. शेवटी एका गायिकेनं त्याला वळवलं, तेव्हा त्याला टाळ्या दिसल्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या पुढ्यात बसलेला देव बुद्धीचा दाता आहे आणि चौसष्ट कलांचाही अधिपती आहे. आपल्या पूर्वजांनी ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत. माणसं चुकतील, पुढारी चुकतील, मंडळंसुद्धा चुकतील. तेव्हा नाव खोडायची वेळ आली तर जरूर खोडा, कागदाला भोक पडलं तरी चालेल. पण सूर ठेवा.

मागच्या रांगेतल्या तरुणांनी एवढा वेळ मोबाईल खिशात ठेवला, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. टाळ्या वाजवणार असाल तर हात जरा वर करून वाजवा, म्हणजे मला दिसतील.

गणपती बाप्पा मोरया!