वाळुंजांच्या बेटावरचें भय

भुताची गोष्ट म्हटली कीं डोळ्यांपुढें पडका वाडा, अमावास्येची रात्र आणि करकरणारें दार उभें राहतें. अल्जरनॉन ब्लॅकवुड ह्या इंग्रज लेखकाच्या उत्तम कथांत यांपैकीं फारसें कांहीं सांपडत नाहीं. तेथें नदी असते, रान असतें, बर्फ असतें; माणसें दोनचारच, आणि तींही तंबूंत राहणारीं. ह्याचें कारण त्यानें वाचलेल्या ग्रंथांपेक्षां त्याच्या भटकंतींत शोधावें.

ब्लॅकवुडचा जन्म १८६९ चा. वडील टपालखात्यांतील बडे अधिकारी व कट्टर धर्मनिष्ठ. विशीच्या सुमारास मुलगा कॅनडास गेला; तेथें त्याचा दूधदुभत्याचा धंदा बुडाला, मागोमाग हॉटेलही गेलें. १८९२ चा उन्हाळा त्यानें मस्कोका सरोवरांतील एका बेटावर काढला आणि नंतर न्यूयॉर्कला बातमीदार होऊन उपासमार सोसली. १९२३ सालच्या आत्मचरित्रांत हे हाल त्यानें सांगितले आहेत. रानाचीं पानें मात्र त्यांत आनंदानें उजळलीं आहेत. पहिला कथासंग्रह निघाला १९०६ सालीं, तोही एका मित्रानें हस्तलिखितें परस्पर प्रकाशकाकडे नेलीं म्हणून!

१९०० सालीं तो एका सोबत्यासह लहानशा कॅनडी होडींतून डॅन्यूब नदीनें उतरत गेला होता. त्या प्रवासावर त्यानें मासिकांत लेख लिहिला, आणि त्याच पाण्यांतून १९०७ सालीं 'द विलोज' ही दीर्घकथा निघाली. पूर आलेल्या नदींत दोघे प्रवासी एका वाळूच्या बेटावर उतरतात. बेटावर वाळुंजाचीं झुडपेंच झुडपें. पाणी चढत जातें, बेट तासातासाला लहान होतें, आणि झुडपें रात्रींतून तंबूच्या जवळ सरकल्यासारखीं वाटतात. सकाळीं एक वल्हें नाहींसें झालेलें. उरलेलें कोणी तासून पातळ केल्यासारखें. होडीचा तळ चिरलेला. येथें हाडाच्या प्रवाशाची ओळख पटते. घरांत बसून लिहिणाऱ्यानें किंकाळी घातली असती. वल्हें गेलें म्हणजे काय गेलें, हें नदीवर राहिलेल्यासच कळतें. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट यानें भयकथांत ह्या कथेला पहिलें स्थान दिलें, तें उगीच नव्हे.

१९१० सालची 'द वेंडिगो' कॅनडाच्या अरण्यांत घडते. शिकाऱ्यांचा वाटाड्या रात्रीं तंबूंतून ओढल्यासारखा धांवत सुटतो. बर्फांत कसल्याशा श्वापदाच्या पावलांशेजारीं त्याचीं पावलें उमटलेलीं. त्यांतलें अंतर माणसाला न झेपणारें होत जातें आणि हळूहळू दोहोंचा आकारही एकच होतो. धांवण्यासारखी निरोगी गोष्ट इतकी भयाण क्वचितच कोणी केली असेल.

त्याचें सारेंच लेखन ह्या तोडीचें नाहीं. १९१० च्या कॉकेशस-प्रवासानंतरची 'द सेंटॉर' ही कादंबरी पृथ्वीच्या चैतन्यावर इतकें प्रवचन करते कीं वाचक पान उलटूं लागतो. उलट त्याच्या 'ए प्रिझनर इन फेअरीलँड' वरून झालेल्या बालनाट्यास १९१५ सालीं एल्गारनें संगीत दिलें.

१९३४ पासून ब्लॅकवुड नभोवाणीवर गोष्टी सांगूं लागला. पुस्तकांनीं न मिळालेली लोकप्रियता म्हातारपणीं आवाजानें मिळाली. १९४९ सालीं राजसन्मानही झाला. डिसेंबर १९५१ मध्यें तो लंडनला वारला. त्याची रक्षा पुतण्यानें स्वित्झर्लंडला नेली आणि आल्प्समधील एका खिंडींत वाऱ्यावर सोडून दिली.