देशोदेशींचे ताट



विषयाचे नाव वाचून कोणी देशोदेशींच्या पाककृतींची अपेक्षा धरून आले असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. आज बोलावयाचे आहे ते आकड्यांविषयी. आकडे म्हटले की डोळ्यांवर झापड येते, हे आम्ही जाणतो. परंतु हे आकडे पोटाचे आहेत, आणि त्यांच्या आधाराने कोणाला उपाशी म्हणावयाचे व कोणाच्या पदरात धान्य घालावयाचे हे ठरत असते. म्हणून थोडा धीर धरावा.

अन्नातून शरीराला जी शक्ती मिळते ती उष्मांकांत मोजतात. शंभर ग्रॅम ज्वारी किंवा तांदूळ घेतला तर साडेतीनशेच्या आसपास उष्मांक मिळतात. तेवढ्याच वजनाच्या तेलातून नऊशे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९४५ साली स्थापन झाली. प्रत्येक देशात दर माणशी दर दिवशी किती उष्मांकांचे अन्न उपलब्ध आहे, याचा हिशेब ती मांडते. अलीकडच्या हिशेबानुसार सगळ्या जगाची सरासरी तीन हजारांच्या जवळ आहे. अमेरिकेची ३,८०० ते ३,९०० च्या घरात, आपल्या देशाची अडीच हजारांच्या थोडी वर, आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, मादागास्कर यांसारख्या देशांची दोन हजारांच्याही खाली. साठ वर्षांपूर्वीचे चित्र याहून फार निराळे होते. १९६१ साली जगाची सरासरी २,२०० च्या आसपास होती, भारताची दोन हजारांच्या आसपास. आणि चीन तेव्हा भीषण दुष्काळातून जात होता, त्याची सरासरी दीड हजारांच्याही खाली गेली होती. तोच चीन आज तीन हजारांच्या पुष्कळ पुढे आहे. एका माणसाच्या हयातीत एवढा पालट व्हावा, ही लहान गोष्ट नव्हे.

पण हा आकडा तयार कसा होतो? अमेरिकेतील प्रत्येक माणसाच्या ताटाजवळ कोणी तराजू घेऊन बसत नाही. देशात पिकले किती, बाहेरून आले किती, बाहेर गेले किती, कोठारातला साठा वाढला की घटला, हे मांडतात. त्यातून बियाणे, जनावरांचा दाणा आणि वाटेतली नासधूस वजा करतात. उरलेल्याला लोकसंख्येने आणि वर्षाच्या दिवसांनी भागतात. हा अन्नाचा ताळेबंद झाला. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीशी तो ताडून पाहावा. कोठीघरातून तांदूळ, डाळ, तेल, साखर किती निघाली हे कोठीवाल्याच्या वहीत असते. त्याला पानांच्या संख्येने भागले की पानामागे खर्च किती तो कळतो. पहिल्या पंगतीला जिलबीचा आग्रह किती झाला, शेवटच्या पंगतीतल्या मजुरांच्या पानावर वरण पातळ होऊन आले की नाही, आणि उष्ट्यात किती गेले, हे त्या वहीत सापडावयाचे नाही. देशाची सरासरी ही अशी कोठीवाल्याची वही आहे. वही खोटी नसते, पण ती कोठीघराची असते.

उष्ट्याचेच घ्या. अमेरिकेच्या शेतीखात्याने २०१० सालाचा हिशेब काढला, तेव्हा दुकानांत व घरांत मिळून माणशी रोजचे १,२४९ उष्मांक वाया जातात, असे आढळले. म्हणजे उपलब्ध अन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेव्हा अमेरिकन माणूस आपल्या दीडपट जेवतो, असे जे कोणी सांगतात, ते त्याच्या उकिरड्याचाही घास त्याच्या पोटात घालतात. उलट बाजूही आहे. जनावरांना घातलेला दाणा ताळेबंदातून वजा होतो, आणि त्या दाण्यावर पोसलेले मांस, दूध, अंडी तेवढी जमेस धरली जातात. मांसाच्या एका उष्मांकामागे दाण्याचे कितीतरी उष्मांक खर्ची पडलेले असतात. श्रीमंत देशाच्या ताटामागे उभी असलेली जमीन त्याच्या आकड्यावरून दिसते त्याहून पुष्कळ मोठी असते, ती अशी.

आता गरजेकडे वळू. आपल्या देशातील वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २,११० उष्मांक लागतात, आणि अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याला ३,४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. कचेरीतल्या खुर्चीवरचा माणूस आणि आषाढात गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणारी बाई, यांची सरासरी काढून जो आकडा येईल तो दोघांपैकी एकाच्याही कामाचा नाही. ज्या देशात लहान मुले अधिक, त्याची गरज कमी. जेथे थंडी अधिक आणि माणसे अंगाने थोराड, त्याची अधिक. तेव्हा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हे सारे ध्यानात घ्यावे लागते.

हा सरासरीचा फसवेपणा जगाला ज्यांनी नीट समजावून दिला, त्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते गृहस्थ. रोमला अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली. त्या काळी संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांचे एक विधान जगभर गाजत होते की, दोन तृतीयांश मानवजात भुकेली आहे. ज्या देशाची सरासरी गरजेहून कमी, तो सबंध देशच भुकेला धरावयाचा, अशा हिशेबाने असे मोठे आकडे निघत. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि दाखवून दिले की, देशाची सरासरी घ्या, पण त्यातले वाटप कसे आहे तेही घ्या, आणि माणसामाणसांच्या गरजेतला फरकही घ्या. त्यांच्या हिशेबाने प्रत्यक्ष अर्धपोटी असणारे दहा ते पंधरा टक्के निघाले. निकस अन्नावर जगणारे धरले तर संख्या निम्म्यापर्यंत जात होती. आजही ही संघटना उपासमारीचे प्रमाण काढते ते मुळात याच रीतीने.

पुढे गंमत अशी झाली की, वादाचे रणांगण रोमहून थेट पुण्यात आले. गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर ग्रंथ लिहिला. माणशी रोज २,२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात ती रेषा धरून, १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली आहेत, असे त्यांनी मांडले. सुखात्म्यांचे म्हणणे पडले की, सरासरी गरजेची रेषा ओढली तर धडधाकट माणसेही तिच्या खाली येणारच. शरीर काही मर्यादेत कमीअधिक अन्नाशी जुळवून घेते. दांडेकरांनी हे मानले नाही. थोडक्यात भागविणारे शरीर कामही थोडके करते, अशी शंका त्या वादात अनेकांनी घेतली, आणि आम्हांलाही ती रास्त वाटते. मात्र सुखात्म्यांच्या दुसऱ्या मुद्द्याला आम्ही मान देतो: दूषित पाण्याने जुलाब आणि जंत झाले तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, म्हणून भुकेच्या प्रश्नात पिण्याचे पाणी धान्याइतकेच मोलाचे. पेंचकाठच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको.

एकाच देशाचे दोन आकडे किती दूर पडतात ते पाहा. संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातील अर्धपोटींचे प्रमाण १३.७ टक्के दिले आहे. आपल्याच सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील वाढ खुंटलेली मुले ३५.५ टक्के निघाली, आणि महाराष्ट्रात ३५.२. पहिला आकडा कोठारातून काढलेला, दुसरा पोरांना फूटपट्टीला उभे करून काढलेला. आमचा विश्वास दुसऱ्यावर अधिक आहे. २००२ च्या जुलैत सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते, आणि त्याच सुमारास लोकांच्या उपासमारीचा दावा सर्वोच्च न्यायालयात चालला होता. कोठीघर भरलेले, आणि शेवटची पंगत ताटकळलेली.

२०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्यान्वये प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. आता गुणाकार आपणच करून पाहा. पाच किलोचे सुमारे सतरा-साडेसतरा हजार उष्मांक. तिसांनी भागले की रोजचे पावणेसहाशेच्या आसपास. रोवणीच्या बाईच्या गरजेचा हा पाचवा हिस्सा. बाकीचे चार हिस्से तिने मजुरीतून आणावयाचे. दुधावरच्या पोराला आणि तिला माप तेवढेच, कारण कायदा डोकी मोजतो, काम मोजत नाही. अंत्योदयाच्या घरांना तर कुटुंबामागे पस्तीस किलो ठरलेले आहेत. घरात दोन म्हातारी माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा किलो येतात. आठ माणसे असतील तर साडेचार किलोही पुरते येत नाहीत. रेशन दुकानदाराचा काटा दोन्ही घरांना चोख पस्तीसच दाखवितो.