होडी वळेना, तेव्हा

बैलाने सरीबाहेर पाय टाकला तर कासरा ओढता येतो. पण भर खाडीत होडीचे चाक अडले, तर माणसाने करावे काय? दाभोळच्या खाडीत, ऐन ओहोटीला, आमच्यावर हा प्रसंग आला. समोर वाळूचा पट्टा. तांडेलाने यंत्र बंद केले, नांगर टाकला, म्हणून आम्ही बचावलो. मागाहून तो म्हणाला, “गुरुजी, आठवडाभर चाक जड लागत होतं. म्हटलं, चालतंय!” हे ‘चालतंय’च घात करते.

आउटबोर्ड होडीला वेगळे सुकाणू नसते. मागचे यंत्रच डावी-उजवीकडे वळते. चाकापासून यंत्रापर्यंत केबल असते. तिच्या टोकाची पोलादी सळई यंत्रावरच्या नळीतून सरकते आणि जोडदांडीने यंत्र वळवते.

चाक जड झाले, तर होडी किनाऱ्याला लावा, किल्ली काढून घ्या आणि जोडदांडी सोडवा. आता यंत्र हाताने वळवून पाहा. ते जड असेल, तर त्याच्या खुंटीतले ग्रीस वाळले आहे. तेथील तोंडांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. यंत्र सहज फिरले, तर दोष केबलचा, सळईचा किंवा चाकामागच्या पेटीचा. आमचे यंत्र सहज फिरले. खाऱ्या पाण्याने सळई नळीत गंजून बसली होती. अशी सळई सुटली, तर ती व नळी साफ करून ग्रीस लावावे. केबल आतूनच गंजली असेल, तर मात्र ती बदलावी. तेल ओतून भागत नाही.

चाक बरेच फिरूनही यंत्र हलत नसेल, तर जोडांचे नट ढिले किंवा भाग झिजलेले असतात. होडी एकाच बाजूस ओढत असेल, तर बऱ्याच यंत्रांना पंख्याच्या वर लहानसा पर असतो तो पाहा. ओढ उजवीकडे असेल, तर पराचे मागचे टोक किंचित उजवीकडेच वळवा. ऐकायला उलटे वाटते. पण पाणी त्या पराला डावीकडे रेटते आणि ओढ कमी होते.

काम झाल्यावर नट पुन्हा आवळा आणि चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. मगच माणसे होडीत घ्या. खाडीकाठच्या शिक्षकांनी मुलांना एकदा हे सारे किनाऱ्यावर नेऊन दाखवावे. उद्याचे तांडेल त्यांच्याच वर्गात बसले आहेत.